आधी गुडघ्याखाली बघा

मे संपत आला की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. पावसाळी जॅकेट कुठलं घेऊ? सॅक तीस लिटरची पुरेल की चाळीसची? फोन भिजू नये म्हणून काय करू? पहिल्यांदाच डोंगर चढायला निघालेला माणूस सगळी खरेदी कमरेच्या वरची करतो. पायांचं विचारणारा विरळा. चढायचं पायांनी, उतरायचं पायांनी, घसरायचंही पायांनीच, आणि पैसे मात्र टोपीवर आणि टी-शर्टवर.

म्हणून सह्याद्रीत नव्याने जाणाऱ्यांना, सोसायटीच्या ग्रुपबरोबर वर्षातून एकदा लोहगड किंवा कळसूबाई करणाऱ्यांना आणि कॉलेजच्या पोरापोरींना माझं सांगणं एवढंच आहे की, पैसे आणि डोकं दोन्ही आधी गुडघ्याखाली खर्च करा. उरलं तर वर. आणि पायात काय घालायचं हे दुकानदाराला विचारू नका. महिना कुठला आणि वाट कुठली, यावरून ते ठरवायचं असतं.

यावर हमखास ऐकू येतं, "बारी गावच्या बायका नवरात्रात अनवाणी कळसूबाई चढतात, आम्हाला कशाला हवेत बूट?" त्याच्याही पुढचं म्हणजे, "मावळ्यांनी कुठे गेटर घातले होते?" बारीच्या बाईचा पाय जन्मापासून त्या दगडांवर पडलाय. कुठला धोंडा हलतो, कुठल्या कातळावर पाणी झिरपतं, हे तिला पाठ आहे. दिवसभर खुर्चीखाली लोंबणाऱ्या आपल्या पायांनी तिची बरोबरी करू नये. शिवाय काटा, साप, विंचू यांचा सगळ्यात जास्त मार खेड्यातलीच माणसं खातात, कारण त्यांचे पाय उघडे असतात. मावळ्यांचं म्हणाल, तर त्यांच्यातल्या कितीजणांना विंचवाने गाठलं, हे बखरकारांनी लिहून ठेवलेलं नाही.

सुरुवात पँटपासून करू. जीन्स नको. कोरडी असताना ती ठीक वाटते, पण भिजली की जड होते, मांडीला घासते आणि गुडघा उंच उचलायच्या वेळी नेमकी आडवी येते. कळसूबाईच्या शिड्यांवर पाय उचलताना पँट हाताने ओढून घेणारी माणसं पावसाळ्यात दर रविवारी दिसतात. अर्धी चड्डीही नको. फोटोत छान दिसते, पण करवंदीच्या जाळीतून एकदा जाऊन आलं की नडगीचा नकाशा होतो. पातळ, लवकर सुकणारी, थोडी सैल, पूर्ण लांबीची पँट घ्या. तळाशी इलॅस्टिक असलं तर उत्तम. रंग फिका बघा. फिक्या कापडावर चढणारी जळू आणि गोचीड लगेच दिसते, काळ्या ट्रॅकपँटवर ती थेट कमरेपर्यंत जाते.

आता गेटर. पोटरीवर बांधायचं हे कापडी आवरण, बुटापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारं. पूर्वी पोलिस आणि शिपाई पोटरीला पट्ट्या गुंडाळत, त्याच कामाची ही वस्तू. दुकानात लोक ती हातात घेऊन उलटसुलट करून परत ठेवतात, कारण घालायची कशी हे कळत नाही. सोपं आहे. वेल्क्रोची बाजू पुढे, नडगीवर. खाली एक बारका आकडा असतो, तो बुटाच्या नाडीत अडकवायचा. बुटाच्या तळाला टाचेच्या पुढे जो खोलगट भाग असतो, त्याखालून पट्टा घ्यायचा. वर, गुडघ्याखाली, दोरी आवळायची, पण दोन बोटं आत जातील इतकीच, नाहीतर अर्ध्या तासात पोटरी भरून येते. बकल मात्र बाहेरच्या अंगाला आलं पाहिजे. डावा-उजवा ओळखायची खूण तीच. आतल्या अंगाला आलं तर चालताना एका पायाचं बकल दुसऱ्या पायाच्या पट्ट्यात अडकतं आणि माणूस सपाटीवर तोंडघशी पडतो.

या वस्तूची दुखरी जागा म्हणजे तळाखालचा पट्टा. आपला कातळ काळा बसाल्ट, खरखरीत. दगडावर घासून घासून हा पट्टा आधी विरतो, मग तुटतो, आणि मग गेटर वर सरकून गुडघ्याशी गोळा होतो. सॅकमध्ये हातभर नायलॉनची दोरी ठेवा, तुटलेल्या जागी ती बांधून दिवस निभतो.

गेटर विकतच घ्यायला हवेत असंही नाही. जुन्या रेनकोटच्या पँटचे गुडघ्याखालचे पाय कापा, वरखाली इलॅस्टिक घाला, तळाशी दोरी ओवायला दोन भोकं पाडून घ्या. कोपऱ्यावरचा शिंपी अर्ध्या तासात करून देईल. तो विचारेल, हे कशाला? त्याला सांगा, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे आणखी दोघं येतील.

पण उगाच मिरवू नका. लोहगडाच्या पायऱ्यांवर गेटर घालणं ही हौस झाली, आणि भाद्रपदात भीमाशंकरच्या जंगलात न घालणं हा आडमुठेपणा. गुडघाभर पाण्यात उतरलात तर गेटर पाणी अडवणार नाही. मेच्या उन्हात उंच गेटर आत घामाने चिंब होतो, तेव्हा घोट्यापुरता छोटा पुरतो. त्याचं काम खडे, काटे, कुसळं, चिखल आणि जळवा बाहेर ठेवण्याचं.

जळवांवरून आठवण झाली, कारण नवख्या मंडळींचा सगळ्यात जास्त आरडाओरडा त्यांच्यावरूनच होतो. खांडसहून भीमाशंकरला जाणारी वाट, आंबोलीचं रान, कोयनेकडचं दाट जंगल, पावसाळ्यात या सगळ्या ठिकाणी त्या पानांच्या टोकावर उभ्या राहून वाट बघत असतात. जळू चावताना कळत नाही. ती रक्त गोठू न देणारा द्रव सोडते, म्हणून ती पोट भरून गळून पडल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. मोजा लाल झालेला बघून माणूस घाबरतो, पण गेलेलं रक्त चमचाभरच असतं. तिचा त्रास नंतरचा, खाजेचा, आणि खाजवून चिघळण्याचा.

जळू मोज्याच्या विणीतून आत शिरते, म्हणून नुसत्या मोज्यांचा भरवसा नाही. जळवांसाठी वेगळे कापडी मोजे मिळतात. दाट विणीच्या सुती कापडाची गुडघ्यापर्यंतची पिशवीच ती. नेहमीच्या मोज्यावर ती चढवायची, वरून बूट घालायचा आणि गुडघ्याखाली नाडी बांधायची. मांजरपाटाची घरीही शिवता येते. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, आत आली तर बोटांना टोचते. कापडावर मिठाचं किंवा तंबाखूचं पाणी चोळायची जुनी रीत आहे आणि ती कामाची आहे, पण धो धो पावसात ते धुऊन जातं, तेव्हा पुन्हा लावायची तयारी हवी. जळू चिकटलीच तर काडी पेटवून चटका देऊ नका, तिच्यावर मीठ ओतू नका. त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. तिचं निमुळतं टोक जिथे कातडीला टेकलंय तिथे नख आडवं सरकवा, ती सुटते. मग साबणाने धुवा, कापसाचा बोळा दाबून पट्टी बांधा. आणि ज्या जागी पहिली जळू दिसली तिथे थांबून ग्रुप फोटो काढू नका. थांबलेला माणूस तिला आयताच सापडतो.

पाऊस सरला की शत्रू बदलतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्या माच्या सोनेरी गवताने भरतात, लोक त्यात लोळून फोटो काढतात आणि घरी येऊन रात्रभर मोजे निवडत बसतात. एखादं कुसळ जवळून बघा. पुढे सुईसारखं बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, मागे लांब शेपटी. शेपटीला ओल लागली की पीळ उलगडतो, सुकली की पुन्हा बसतो, आणि या गरगरण्यानेच बी जमिनीत घुसतं. केस मागे वळलेले, म्हणून पुढे जाता येतं, मागे नाही. ही सोय मातीसाठी आहे, पण कुसळाला माती आणि लोकरी मोजा यांतला फरक कळत नाही. घामाची ओल मिळाली की ते मोज्यातून आत सरकत राहतं. गेटरच्या गुळगुळीत कापडावर त्याला पकडच मिळत नाही. गेटर घ्यायला मला विचाराल तर हे एक कारण पुरेसं आहे. पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत ते जितके उपयोगी पडतात तितके ऐन पावसातही नाही.

याच सुमारास खाजकुइरीच्या शेंगा धरतात. वेलीवर भुरकट मखमली शेंग दिसली तर लांबून नमस्कार. तिची लव पायाला लागली तर चोळू नका, चोळल्याने ती आणखी पसरते. चिकटपट्टी दाबून ओढा, लव तिला येते, मग भरपूर पाण्याने धुवा.

जानेवारीपासून मेपर्यंत गवत वाळतं, वाट भुसभुशीत होते आणि उतारावर घसारा सुटतो. बारीक मुरूम बुटात शिरतो, दर दहा मिनिटांनी बूट काढावा लागतो, आणि न काढणाऱ्याला संध्याकाळी फोड दिसतो. याच महिन्यांत सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गाकडे, आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे माकडताप आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, गेल्या दशकात आपल्याकडे आला. रानातल्या गोचिडीच्या चाव्याने तो होतो. पँट मोज्यात खोचणं, त्यावर गेटर बांधणं आणि पालापाचोळ्यात बसताना खाली काहीतरी अंथरणं, हे तिथे नखरे नव्हेत. मेलेलं माकड दिसलं तर त्याच्या जवळ जायचं नाही आणि गावात कळवायचं. गोचीड लागलीच तर बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

सापांबद्दल लोकांना गेटरकडून फार अपेक्षा असतात. स्पष्टच सांगतो, साधा गेटर सापाचा दात अडवेलच असं नाही. सापांसाठी म्हणून जाड, कडक गेटर मिळतात, पण ते घालून दिवसभर चढणं नकोसं होतं. घोट्यावर येणारा बूट, जाड मोजा, सैल पँट आणि वरून गेटर असे थर असले तर दात कातडीपर्यंत पोचायची शक्यता कमी होते. तेवढंच. खरा बचाव डोळ्यांचा. आडवं पडलेलं खोड ओलांडताना थेट पलीकडे पाय टाकू नका. आधी खोडावर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा. कोकणातल्या सड्यांवर दगडांच्या आडोशाला फुरसं असतं, जेमतेम हातभर लांब, मातीच्याच रंगाचं. ते अंग घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. हे आवाज कानावर पडायचे असतील तर स्पीकरवर गाणी लावून चालू नका. अंधारात पाण्याच्या टाक्यावर जातानाही विजेरी हवी आणि पायात बूट हवेत, चपला नव्हेत. मण्यार रात्रीची हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या दाताची खूणही धड दिसत नाही. गडावरच्या देवळात किंवा गुहेत मुक्काम असेल तर तळ सगळीकडून शिवलेला तंबू लावा.

चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, यांतलं काहीही नको. साप मारायच्या मागे लागू नका. पायातलं पैंजण, जोडवी, बूट आधी काढा, कारण सूज येते. पाय काठ्यांच्या आधाराने हलणार नाही असा बांधा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन करा आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे तिथे पोचा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं, त्यामुळे कुठला साप होता यावर तिथे वाद घालत बसावं लागत नाही. निघण्याआधी त्या भागातलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे गावात विचारून ठेवायला एक चहा पुरतो.

मुक्कामी असाल तर सकाळी बूट उलटे करून आपटायचे, मगच पाय घालायचा. कोकणातला लाल विंचू जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाचे रुग्ण वाचवले आणि ते उपचार पुढे जगभर गेले. त्याआधी तिथे विंचवाने माणसं दगावणं नवलाचं नव्हतं. औषध आहे म्हणून बूट न झटकता घालायचा, असं नाही.

बुटांवर किती बोलावं? दुकानं भरलेली आहेत, पण काही गोष्टी किमतीच्या पाटीवर लिहिलेल्या नसतात. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि ट्रेकला जे मोजे घालणार तेच घालून बघा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. दुकानात पायरी असेल तर तिच्यावर उतरत्या बाजूने उभे राहा. बोटं पुढे आपटली तर तो बूट तुम्हाला राजगडावरून उतरताना अंगठ्याचं नख काळं करून देणार. स्वस्तातले हंटर शूज घालूनही माणसं आयुष्यभर सह्याद्री फिरली आहेत, अ‍ॅक्शनच्या ट्रेकिंगच्या बुटांवर तर एक पिढी वाढली. तळ रबरी, खोल नक्षीचा आणि किंचित मऊ असला की ओल्या कातळावर धरतो. जॉगिंगचे बूट कोरड्या वाटेवर चालतील, पण शेवाळावर ते दगा देतात. शेवाळावर तसं काहीच धरत नाही. तिथे कुठलाही बूट असला तरी कडेच्या गवतावरून चालायचं.

जुन्या बुटांचं एक ध्यानात ठेवा. तीन-चार वर्षं कपाटात जपून ठेवलेले बूट बाहेरून नवे दिसतात, पण आतला फेसाळ थर दमट हवेने कुजलेला असतो. गडावर पोचल्यावर तळ उघडतो आणि टाळ्या वाजवत खाली यावं लागतं. घरी असतानाच तळ दोन्ही हातांनी वाकवून बघा, चिरा पडल्या किंवा भुगा निघाला तर निरोप द्या. नवे बूटही थेट डोंगरावर नकोत. आठवडाभर भाजी आणायला, ऑफिसला तेच घाला.

नाडी बांधण्याचीही रीत आहे. उतरण सुरू व्हायच्या आधी थांबून नाडी पुन्हा बांधा. वरची शेवटची दोन भोकं आहेत ना, त्यांतल्या सगळ्यात वरच्या भोकात नाडी त्याच बाजूने आत घाला म्हणजे एक छोटा फास होतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी नाडी उजव्या फासातून, उजवी डाव्या फासातून ओवून खाली-मागे ओढा आणि गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते, पाय पुढे सरकत नाही, नखं वाचतात. पैसा न घालता मिळणारं याहून मोठं सुख डोंगरात नाही.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे दोन जोड न्या, एक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पायात कुठे चुरचुरायला लागलं तर "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हणू नका. तिथेच बसा आणि कागदी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी ही वराती मागून घोडं.

गुडघ्यांचं दुखणं बहुतेकांना उतरताना कळतं. चढताना धाप लागते म्हणून माणूस थांबतो, उतरताना धाप लागत नाही म्हणून धावतो, आणि प्रत्येक पावलाचा दणका गुडघा खातो. दुकानातली नी-कॅप ऊब देते, थोडा धीर देते, पण कमजोर मांडीचं काम ती करत नाही. ते काम जिन्यावर करायचं. महिनाभर आधी लिफ्ट सोडा, आणि चढण्यापेक्षा हळूहळू उतरण्याचा सराव करा. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. एक काठी तरी न्या. चढताना आखूड, उतरताना लांब, कोपर साधारण काटकोनात राहील इतकी. कातळटप्पा आला की ती सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे हवेत. वाटेत कारवी तोडून काठ्या करू नका, घरून आणा.

घोटा मुरगळला आणि चालत खाली यायचं असेल तर बूट काढू नका. काढलात तर सुजलेला पाय पुन्हा आत जाणार नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गुंडाळा आणि काठीवर भार देत उतरा. पाय टेकवताच येत नसेल तर हट्ट करू नका, मदत मागवा.

एका ठिकाणी मात्र पायातलं काहीच कामाला येत नाही, ते म्हणजे चढलेला ओढा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात उभं असलेलं एक कुटुंब बघता बघता वाहून गेलं. पाऊस वर, डोंगरात पडतो आणि खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात काटक्या-पालापाचोळा यायला लागला, आवाज बदलला, की बाहेर पडायचं, फोटो अर्धा राहिला तरी. सकाळी घोटाभर असलेला ओढा परतताना मांडीभर दिसला तर अलीकडे बसून राहा. आपल्याकडच्या ओढ्यांचा उतार तीव्र, पाऊस थांबला की काही तासांत ते ओसरतात. सोमवारचं ऑफिस बुडेल, एवढंच. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा वनखात्याने एखादी जागा बंद केली असेल तर आडवाटेने शिरायची हुशारी दाखवू नका. शोधायला येणाऱ्यांना मग तुम्ही कुठे आहात हेच कळत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची किंवा ओआरएसची पुडी, डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी. संकटात शिट्टी मिनिटाला सहादा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा. कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन येईल, हे घरी कागदावर लिहून ठेवा, "गडावर जातोय" एवढ्याने भागत नाही. पायथ्याच्या गावातून माहीतगार माणूस घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. ढोरवाटा आणि खऱ्या वाटा यांतला फरक त्याला दिसतो, आपल्याला सगळ्या सारख्याच. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून माथा आला नाही तरी दुपारी एकला माघारी फिरायचं, असं खालीच ठरवा. वर ठरवायला गेलं की मतदान होतं आणि मतदानात नेहमी उत्साही माणूस जिंकतो. अडकलात तर ११२ आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांच्यासारख्या संस्थांची माणसं रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात, तीही स्वतःची कामंधामं टाकून. त्यांना काम कमी पडावं, असं वागा.

घरी आल्यावर लगेच अंथरुणात शिरू नका. बुटांतले आतले तळवे काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट सावलीत वाळवा, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले तर चिकटवण सुटते. गेटर उलटे करून धुवा आणि वेल्क्रोतली कुसळं सुईने काढा, नाहीतर पुढच्या वेळी तो धरत नाही. अंघोळ करताना गुडघ्यामागची, जांघेतली, कमरेभोवतीची कातडी नीट तपासा, मुलांची तुम्ही तपासा.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, डोकं फुटायला लागलं, पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर ते सर्दीचं आहे असं धरून गोळ्या खात बसू नका. भातखाचरातून उघड्या जखमेने चाललात तर लेप्टो होऊ शकतो. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. दोन्हींवर साधी, स्वस्त औषधं आहेत, फक्त ती वेळेत सुरू व्हावी लागतात, आणि शहरातल्या डॉक्टरांच्या मनात हे आजार पहिल्या दिवशी येतीलच असं नाही. त्यांनी विचारो न विचारो, अमुक तारखेला रानात गेलो होतो, गवतातून चाललो, पायाला जखम होती, हे आपणहून सांगा. स्क्रब टायफसच्या चाव्याजागी कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसतो. तो बहुधा पट्ट्याखाली नाहीतर जांघेत असतो आणि दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. सापडला तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.